मधली तुकडी

चिलापी हा मासाच नव्हे, असं आमच्या डोंबिवलीच्या घराचं ठाम मत आहे. सासर मालवणकडचं. इथे मासा म्हणजे खाऱ्या पाण्यातला. गोड्या पाण्यातल्या माशाला म्हणे चिखलाचा वास येतो. मी इंदापूरकडची, उजनी धरणातल्या चिलापीवरच पोसलेली. लग्नानंतर माझे वडील पहिल्यांदा भेटायला आले, ते बर्फाच्या डब्यात चिलापी घेऊन. सासूबाईंनी गोड हसून डबा घेतला आणि बाबांच्यादेखत कामवाल्या बाईंच्या हवाली केला. तेव्हापासून बाबा येताना चिवडा आणतात.

मध्यंतरी सासूबाईंच्या गुडघ्यासाठी आम्ही दोघी खडवलीला एका वैद्यांकडे गेलो होतो. तिथल्या रांगेतच दुपार टळली. सासूबाईंना शुगर आहे, जेवण लांबलं की दरदरून घाम फुटतो. तसा तो फुटायला लागला. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर निळ्या ताडपत्रीखाली एक टपरी दिसली. तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्यांना बसवलं आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

"चिलापी हाय ताई, सकालचीच. नि तांदळाची भाकर," टपरीवाली म्हणाली.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मी चोरून सासूबाईंकडे पाहिलं.

"पापलेट नाय गो?" सासूबाईंनी विचारलं. ती बाई मनापासून हसली.

"आई, आता नखरे नकोत. चक्कर येऊन पडाल," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. मासा तव्यावर पडला, लसणाचा वास सुटला, आणि सासूबाई पदराने घाम पुसत राहिल्या.

आमच्याकडे मासे वाढायची एक रीत आहे. मधली तुकडी पुरुषांना आणि पाहुण्यांना, डोकं सासूबाईंना, शेपटी सुनेला. शेपटीला खरी चव असते, असं त्या मला पहिल्या दिवसापासून सांगत आल्या आहेत. एवढी चव असती तर त्यांनी ती माझ्यासाठी सोडली असती होय!

ताटली दोघींच्या मध्ये आली. सवयीने माझा हात शेपटीकडे गेला. त्यांनी तो बाजूला सारला.

"तुझ्या माहेरचो मासो ना? मगे मधली तुकडी तुझी," म्हणाल्या आणि शेपटी त्यांनी स्वतः उचलली.

एक घास खाऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "माती लागता."

लागू दे. मी कुरकुरीत कातडीसकट तो पांढरा, जाड मासा भाकरीबरोबर खात होते आणि मला धरणाच्या काठचं आमचं स्वयंपाकघर आठवत होतं. बोटं चाटली, काटा चोखला, कांद्यावर लिंबू पिळून तोही संपवला. फार फार बरं वाटलं. वर पाहिलं तर सासूबाई हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत होत्या.

"तू अशी जेवतस, ता माका म्हायतच नाय होता," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी शेपटी नेटाने संपवली, डोकंही माझ्याकडे सरकवलं, हात धुतले आणि गोळी घेतली. मग म्हणाल्या, "व्याह्यांका फोन लाव. सांग, पुढच्या खेपेक येताना मासो घेवन येवा. चिवडो नको."

मी तिथूनच फोन लावला आणि निरोप सांगितला. बाबांनी विचारलं, "हे तू म्हणतेयस का त्या?"

मी फोन सासूबाईंच्या हातात दिला.