डोंगरावरचं ऊन

फरीदाबादच्या बाजारात, रंगांच्या दुकानात, मी जाणकाराच्या थाटात विचारलं, ‘‘भैया, ऊन के लिए कौन-सा पीला अच्छा रहेगा?’’ दुकानदारानं मला एकदा नीट न्याहाळलं आणि समोरचं लोकरीचं दुकान दाखवलं. शेजारी उभी असलेली लेक पुटपुटली, ‘‘बाबा, धूप! ऊन म्हणजे ते स्वेटरवालं.’’ पंचवीस वर्षं दिल्लीत सरकारी फायलींवर हिंदीत शेरे मारणाऱ्या माणसाची ही गत.

ऊन हवं होतं ते एका डोंगरासाठी. बायकोच्या माहेरी, सिन्नरजवळ, घरामागे एक डोंगर आहे. लग्नानंतर इकडे आल्यावर तिला त्याची फार आठवण यायची, म्हणून मी तो तेलरंगात काढून दिला. तेव्हापासून तो आमच्या सोफ्यावर आहे. म्हणजे सोफ्यामागच्या भिंतीवर. पुढे माहेरच्या खिडकीसमोर चार मजली इमारत आली आणि खरा डोंगर दिसेनासा झाला. आमचा धुळीनं आणि फोडण्यांच्या धुरानं काळवंडला. मी जाहीर केलं, ‘‘याच्यात उजेड आणतो.’’

‘‘आणा,’’ बायको म्हणाली, ‘‘पण आता हा एकच उरलाय. बिघडवलात तर दुसरा कुठून आणणार?’’ आणि चार दिवसांसाठी नोएडाला बहिणीकडे गेली.

आधी ओल्या कापसानं चित्र पुसलं. मग पिवळा लावला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. तिसऱ्या दिवशी डोंगर पिठल्यात बुडवून काढल्यासारखा दिसायला लागला. लेकीनं मोबाइलवर फोटो काढून त्यातले रंग घालवले. ‘‘बघा, सगळं सेम ग्रे आहे. अंधारच नाहीये यार, तर उजेड दिसणार कसा?’’

बापाला यार म्हणते. पण म्हणणं बिल्कुल बरोबर होतं.

टर्पेंटाइनच्या फडक्यानं मी पिवळा पुसला, फक्त माथ्यावर ठेवला. पायथा गडद केला आणि डोंगराच्या मधोमध, निव्वळ अंदाजानं, सावलीचा एक खोल पट्टा ओढला. आणि काय सांगू, वरच्या उतारावर लख्ख ऊन पडलं!

बायको आली. खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता चित्रासमोर उभी राहिली. मी धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत बसलो.

‘‘आई, बोल ना काहीतरी!’’

तिनं बोट पुढे केलं. मी ओरडलो, ‘‘हात लावू नकोस, ओलं आहे!’’

‘‘ही घळ,’’ ती म्हणाली. ‘‘संध्याकाळी इथूनच गुरं उतरायची.’’

‘मुद्दामच काढली,’ असं मी म्हणणार होतो. पण लेक माझ्याकडेच बघत होती, म्हणून आणखी एक ब्रश धुवायला घेतला.

‘‘आत्ता कुठं आमचा डोंगर दिसतोय,’’ बायको म्हणाली. ‘‘इतकी वर्षं मी आपली तुमचा मान ठेवून बघत होते.’’