तर्री वेगळी ठेवणारा आचारी

सकाळी शोभावहिनीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "ताई, तुमचे दादा उठून नाही राहिले वं," एवढंच ती म्हणाली... प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर, मी खाली. मी जिना चढून पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. माझा थोरला भाऊ मनोहर झोपेतच गेला होता. चादरीबाहेर त्याची दोन्ही पावलं दिसत होती. लॉकडाऊनच्या त्या उन्हाळ्यात, ही दोन्ही पावलं शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहतील असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

दादा लग्नाचा आचारी. तीस वर्षं त्यानं नागपुरातल्या लग्नांत वांग्याची भाजी, वडाभात, पाटोडीचा रस्सा केला. भाजीवर बोटभर तेलाची लाल तर्री तरंगल्याशिवाय तो गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, भट्टीवरून खाली उतरवायचा नाही. स्वतः मात्र सगळ्या पंगती उठल्यावर उभ्यानंच काहीतरी तोंडात टाकायचा. मधुमेह होता. गोळी आठवली तर घ्यायचा. मग लॉकडाऊन लागलं, सीझनची सगळी लग्नं रद्द झाली आणि रिकामा आचारी घरीच तळायला बसला. सकाळी भजी, दुपारी आलूबोंडे, संध्याकाळी पुऱ्या... घराबाहेर पाऊल नाही, खाणं मात्र दुप्पट. खोटं कशाला बोलू, मीही आवडीनं खायचे.

मे महिन्यात एकदा वर गेले, तर दादा घरात मोजे घालून बसलेला.

"काहून गा दादा, मोजे कशाले?"

"थंडी वाजून राहिली वं."

बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. मी वाकून मोजा ओढला. अंगठ्याजवळची जखम काळी पडली होती. तीन आठवडे त्यानं ती वहिनीपासूनही लपवली होती.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्याला धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. नखशिखांत झाकलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, "पंधरा दिवस बघू. इन्सुलिन, रोज ड्रेसिंग, खाण्याचं पथ्य, आणि पायावर अजिबात भार नको. जखम सुधारली तर ठीक, नाहीतर पाऊल काढावं लागेल." परतताना दादा म्हणाला, "एका पायावर भट्टीपुढं कसा उभा राहीन वं मी?"

घरी आल्यावर तो वहिनीला म्हणाला, "आता तू रांध. मी खाईन." तिनं ज्वारीची भाकर, मुगाचं वरण आणि चमचाभर तेलातली पालकाची भाजी वाढली. पहिला घास घेऊन तो थांबला. आम्हाला वाटलं, आता ताट सरकवणार.

"इतकी चांगली भाजी करते तू? मले कधी सांगितलं नाही."

"तुम्ही जेवायले घरी होते कधी?" वहिनी म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे भरून आले होते. तीस वर्षांच्या संसारात ती दोघं पहिल्यांदाच रोज समोरासमोर बसून जेवू लागली.

पाय टेकवायचा नव्हता, म्हणून व्यायाम खुर्चीतच. पंगतीच्या स्वयंपाकाचा लांब लोखंडी झारा दोन्ही हातांत धरून तो डोक्यावर न्यायचा, खाली आणायचा. समोरच्या बाल्कनीतली माणसं आधी हसायची. आठवड्याभरात तीही हात वर-खाली करू लागली. पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. "पाऊल वाचलं तुमचं," ते म्हणाले आणि दादा तिथंच रडला, मास्क ओला होईपर्यंत. पूर्ण भरायला आणखी काही महिने गेले. त्यानंतर तो आणि वहिनी ऊन चढायच्या आधी गच्चीवर चालू लागले, ते अगदी परवापरवापर्यंत.

लग्नं पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्याच कामावर यजमान चिडले. "मनोहरभाऊ, भाजीवर तर्री नाही?"

"तर्री बाजूच्या गंजात हाय. ज्याले पायजे त्यानं घ्यावी."

जेवणं झाली तेव्हा तो गंज अर्धा तसाच होता, आणि यजमानांच्या आईनं भाजी दोनदा मागून घेतली होती. तरी काही जुनी गिऱ्हाइकं त्याला सोडून गेलीच. त्याला वाईट वाटायचं. पण गंज वेगळाच राहिला.

तेरवीनंतर कळलं, हळदीच्या एका जेवणाचं काम दादानं आधीच घेतलेलं होतं. वहिनी म्हणाली, "मी जाते." आयुष्यात ती कधी मांडवाच्या स्वयंपाकाला गेली नव्हती. मीही सोबत गेले. त्याच्या जुन्या माणसांनी सगळं केलं, चव वहिनीनं पाहिली. पाहुणे टेबलांकडे सरकू लागले, तसं तिनं मांडवामागे सतरंजी अंथरली आणि स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांना जेवायला बसवलं. यजमान धावत आले.

"बाई, पाहुणे थांबून राहिले!"

"दहा मिनिटं थांबतील भाऊ," वहिनी वाढता वाढताच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पाय बरा झाल्यापासून तुमच्या दादांनी आपल्या माणसांले उपाशी ठेवून एक पंगत वाढली नाही. या साऱ्यांनीच सांगितलं मले आज सकाळी."

मला हे ठाऊकच नव्हतं... वांगी चिरणाऱ्या बाईंनी सरकून माझ्यासाठी जागा केली. मी मांडी घातली. वहिनीनं सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःचं ताट घेतलं आणि आमच्यात येऊन बसली.

पाहुणे दहा मिनिटं थांबले. कुणाचं काही बिघडलं नाही.