ध्वनिमहर्षींची माइकनिवड

बायको नवऱ्याला ध्वनिमहर्षी म्हणायची आणि त्या येड्याला ते कौतुक वाटायचं. त्याच्या आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याआधी अंगणातल्या झाडाखाली बसवून तिच्या गोष्टी नातीसाठी रेकॉर्ड करायच्या, एवढंच काम. पण चार महिने झाले तरी महर्षींचा माइक ठरेना. एकात खरखर, दुसऱ्यात वारा.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी तो तीन माइक घेऊन झाडाखाली बसला.

"आई, एक ते शंभर म्हण. आता लांबून. आता वाऱ्याकडे तोंड कर."

"अहो, आधी गोष्ट तर घ्या!" बायको करवादली.

"तुला यातलं काय कळतं?"

म्हातारी तासभर आकडे म्हणत राहिली. शेवटी लांबोळका माइक पसंत पडला, त्यावर वारा अडवणारी केसाळ टोपी चढली. "हं, आता गोष्ट." तिनं तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा आली.

बायको गरम पाणी आणायला धावली. संध्याकाळपर्यंत ती पाणी पाजत राहिली, पण आवाज उमटला नाही. महर्षी मात्र कानाला हेडफोन लावून सकाळचे आकडे ऐकत होते.

"बघ," तो म्हणाला, "खरखर औषधालाही नाही!"