पायलट आणि सेफ्टी शूज

“बॉक्स पडलेला आढळला म्हणजे काय? पाडला कोणी?” ईशा मॅडमनी माझ्या स्क्रिप्टचं पहिलं पान टेबलावर आपटलं.

“ते लिहायचं नसतं, मॅडम,” मी म्हटलं.

“असं कोण सांगतं?”

आता यांना काय सांगणार, कपाळ! मी भिवंडीजवळ मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर. आमचं रिटर्न सेक्शन. तुम्ही ऑनलाइन मागवता, लग्नात मिरवता आणि ‘आवडलं नाही’ म्हणून परत पाठवता, तो माल आमच्याकडे येतो. काही घडलं की इन्सिडेंट रिपोर्ट मी लिहिते. त्यात खोकं पडलेलं आढळतं, रॅक वाकलेला आढळतो, बाईचा अंगठा मोडलेला आढळतो. करणारा कोणीच नसतो. नाव लिहिलं तर साहेबांचं लिहावं लागेल, म्हणून सगळी भुताटकी.

तीच सवय स्क्रिप्टमध्ये उतरली. ईशा मॅडम एका चॅनलच्या क्रिएटिव्ह हेड. रविवारी ठाण्यात स्क्रिप्ट लिहायला शिकवतात, तिथे मी जाते. पायलट म्हणजे सिरियलचा पहिला एपिसोड. तो बघून चॅनल ठरवतं, सिरियल करायची की गुंडाळायची. मॅडम म्हणाल्या होत्या, “स्वतःच्या कामाबद्दल लिहा.” मी लिहिलं, तर अख्ख्या एपिसोडमध्ये कुणी काही करेचना.

तोंड पाडून राहनाळला घरी आले. नवऱ्याने पानं चाळली. म्हणाला, “रोज भाकऱ्या थापताना त्या निशांत सरांची नक्कल करून शिव्या घालतेस, ते यात कुठाय? तेच लिही की!”

संसारात पहिल्यांदा हा माणूस कामाचं बोलला. मग मी वनिताताईचा अंगठा लिहायला घेतला. वनिताताई वज्रेश्वरीकडची. बसने येते, पायात रबरी चप्पल. सेलच्या दिवसांत निशांत सर, म्हणजे आमचे ऑपरेशन्स मॅनेजर, ओरडत होते, “चढाओ, चढाओ, एक के ऊपर एक!” वरचं खोकं थेट तिच्या पायावर आलं. सेफ्टी शूज, म्हणजे पुढे लोखंडी टोपी असलेले बूट, आमच्याकडे फक्त पुरुष लोडरना मिळतात. बायकांसाठी मागितले की सर म्हणतात, “नोटेड.” अंगठा मोडला तेव्हाही नोटेडच. या एका शब्दाने माझं डोकं भणभणतं.

लिहिलेलं वनिताताईला वाचून दाखवलं.

“लिव बिनधास माजं नाव,” ती म्हणाली. “पन टीवीत तरी बूट दे गो बाय आमाला.”

पुढच्या रविवारी मॅडमही खूश. “झक्कास! फक्त एक पिस्तूल घाला. भिवंडी आहे ना!”

“मॅडम, आमच्या गेटवर केसातली पिन वाजली तरी बाईला बाजूला घेतात. पिस्तूल कुठून आत जाणार?”

त्या हिरमुसल्या. भिवंडीत काय घडतं ते भिवंडी न बघितलेल्यांना जास्त माहीत असतं. तरी चॅनलने गोदाम बघायला यायचं ठरवलं. शूटिंग तिथेच करायचा विचार होता. आता परवानगी निशांत सरांकडे मागायची, आणि स्क्रिप्टमध्ये खलनायक तेच! नोकरी गेलीच म्हणून समजले. तरी पानं नेऊन त्यांच्यासमोर धरली.

पण साहेब लोक वाचतात थोडेच? सरांनी पानं नुसती हातात तोलली. “मेरा रोल कौन करेगा?” मग एकदम दचकले. “अरे, टीव्हीवर बायका चपलांत दिसल्या तर हेड ऑफिस काय म्हणेल? शूज मागवा सगळ्यांना. आजच्या आज!”

आले की हो शूज! बायकांच्या मापाचे, करकरीत. चॅनलची माणसं आली तेव्हा आमच्या बायका बूट घालून कामाला लागल्या होत्या. एका माणसाने खालीवर बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

“यांना तर काही होणारच नाही,” तो मॅडमना म्हणाला. “पाय मोडणार नसेल तर दुसरा एपिसोड बघणार कोण?”

मॅडमनी मान डोलावली. चहा पिऊन गाडी गेली, पायलटही गेला. मला संतापाने रडू आलं.

गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच सरांचा हुकूम. “शूटिंग नाही ना? मग शूज काढून घ्या. व्हेंडरला परत पाठवा.”

मी बायकांना शोधायला गेले, तर जागेवर एकही नाही. सगळ्या मागच्या यार्डात. खडीवर फरफर पाय घासत चालल्या होत्या, आणि खाली फाटलेल्या टॅगचा कचरा. माल परत आला की आम्ही पहिला टॅग बघतो, मग सोल. टॅग नसला, सोल घासलेला असला की रिजेक्ट. हे आमचं रोजचं काम. सरांनीच घोटवून घेतलंय.

सर मागोमाग आले. “ये किसने किया?”

“मीनी,” वनिताताई म्हणाली. तिने बूट काढून सोल सरांच्या नाकासमोर धरला. “वापरलेला माल हाय, सर. ह्यो परत जात न्हाय.”

मागून दुसरी म्हणाली, “मी पन केला.” मग तिसरी. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “नोटेड, सर.”

पायलट पुन्हा लिहितेय. पण एक शिकले. चॅनलला मोडका पाय हवा असतो आणि साहेबाला दिसणारा बूट. दोघं एकाच दिवशी गोदामात आले, तर आधी बूट पायात घालून घ्यावेत. स्क्रिप्ट काय, मागाहूनही लिहिता येते.