बापूंचं बकरं आणि माझा नेम

अंबडच्या स्टँडवर तीर्थपुरीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि पुण्याहून निघाल्यापासून मी पहिल्यांदा खुशीत आले. बाहेर मोसंबीच्या बागा, मधूनच बाभळींची रांग, वर लखलखीत ऊन. माझी होस्टेलची मैत्रीण सुमन आता माहेरीच शेती बघते, तिच्याकडे दहा वर्षांनी निघाले होते. शेजारच्या मावशींनी रीतसर चौकशी केली. सुमनच्या वडिलांचं, बापूंचं नाव ऐकताच त्या मला निरखून बघायला लागल्या.

"मंग ते बकरं तुमच्यासाठीच ठिवलंय का? पोळ्यापासून लोकं मागून राह्यले, बापू इकायलाच तयार न्हाईत."

आली का पंचाईत! जमीन, पाणी, हवा यांची काळजी म्हणून दोन वर्षांपूर्वी मी मटण-चिकन फक्त सणाला खायचं ठरवलं होतं. सोसायटीत त्यावर दोनदा भाषणही ठोकलं होतं. आणि बापू मेंढरांमागे वाढलेले. त्यांच्याकडे पाहुण्यानं ताट नाकारलं म्हणजे घर नाकारलं. पथ्य सांगून नुसतं वरण खाणाऱ्या भाच्याशी ते वर्षभर बोलले नव्हते. तीर्थपुरी येईपर्यंत मी मनात दहा वाक्यं जुळवली आणि दहाही मोडली.

सुमन फाट्यावर घ्यायला आली होती. अंगणात बकरं बाभळीच्या शेंगा मजेत चघळत होतं. चहा झाला. बापू सुरी घेऊन उठले, तेव्हा मी धीर करून सगळं सांगून टाकलं. बापूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सणाला खातीस ना?"

"हो. फक्त सणाला."

"मंग आज काय हाय? धा वर्षांनी पोरगी घरी आली." एवढं बोलून ते बकऱ्याकडे वळले.

माझे डोळे भरून आले.

दुपारी बापूंनी वाटे घातले. वाटे म्हणजे मटणाचे सारखे भाग, गल्लीतल्या प्रत्येक घराला एक. आमच्या वाट्याला आलेल्या मटणापेक्षा पातेल्यात रस्साच कितीतरी जास्त होता. त्यात येसर (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ) घातलेलं, सोबत गरम ज्वारीची भाकरी. माझ्या ताटात दोन फोडी. माझ्यासाठी हात आखडला असेल म्हणून बापूंच्या ताटात डोकावले, तर तिथेही दोनच.

"आमी बी सणासुदीलाच खातो," बापू म्हणाले. "पहिल्यापासून."

दोन वर्षं मिरवलेला माझा त्याग तिथेच रश्श्यात बुडाला. मला हसता हसता ठसका लागला आणि सुमननं पाठीवर जोरात थापट्या मारल्या. तो रस्सा मी तीनदा मागून घेतला.

परत येताना पिशवीत मोसंबी होती आणि येसरची पुडी. आता रविवारी मुलं मटण मागतात तेव्हा मी भाषण देत नाही. घरी कोण येणार आहे, एवढंच विचारते. कुणी येणार नसेल तर येसरची आमटी होते, आणि ती ओरपताना तक्रार कुणीच करत नाही.

परवा बापूंचा फोन आला, दिवाळीनंतरच्या मंगळवारी पुण्याला येतायत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात साध्या काळ्या आकड्याचा तो मंगळवार शोधला आणि लाल पेनानं रंगवून टाकला.