समोरच्या पायरीवरची दाढी

आमच्या घरात त्याला सगळे मशीन म्हणायचे. धंद्याने तो न्हावी. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावर थेट बायकोमुलांसमोर जाऊन उभं राहायची ज्यांची छाती होत नाही, अशा आम्ही आठ-नऊ जणांनी मिळून भाड्याने घेतलेलं ते घर. स्वयंपाक पाळीपाळीने, भांडी पाळीपाळीने, भांडणं मात्र रोज सगळ्यांची. रात्री कोणी प्यायलं नाही हे कळावं म्हणून सकाळी एका यंत्रात फुंकर मारून दाखवायची. ते यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीच्या फंदात कोणी पडलं नाही, कारण हा होता.

मागच्या दारापाशी खुर्ची टाकून तो सगळ्यांची फुकट दाढी करायचा. दाढी करताना न्हाव्याचं नाक आपल्या तोंडापासून वीतभरावर. वेलची चघळा नाहीतर कांदा खा, त्याला कळायचंच. कळलं की तो बोलायचा नाही. अर्ध्या दाढीवर वस्तरा पुसून बाजूला ठेवायचा. मग तो माणूस साबणाचा गाल घेऊन तसाच काकांसमोर जायचा. काका म्हणजे घर चालवणारे, स्वतः एके काळचे अट्टल पिणारे. त्यांचा नियम एकच. प्यायला तो त्याच दिवशी बाहेर, आणि सलग तीन सकाळी कोरडा आला तरच परत आत. एक घसरला की त्याच्यामागे चौघे घसरतात, हे आम्ही सगळ्यांनी भोगलं होतं. मी वायरमन, मीही एकदा अर्ध्या दाढीने बाहेर पडलेला.

मग मशीनचा धाकटा भाऊ आला. सुतार. हाताला गुण होता आणि घशाला बूड नव्हतं. आईमागे मशीननेच त्याला वाढवलेलं, आणि त्याचा पहिला घोटही मशीनच्याच ग्लासातला. हे मशीन स्वतः सांगायचा, हसत सांगायचा, आणि मग दिवसभर वस्तऱ्याला धार लावत बसायचा. धाकट्याने आल्याआल्या जेवणाच्या टेबलाचं डुगडुगणं थांबवलं. न लागणाऱ्या खिडक्या लागायला लागल्या. काही आठवडे बरे गेले. एका सकाळी त्याच्या गालावर वस्तरा थांबला. मला वाटलं, सख्खा भाऊ आहे, मशीन गिळून टाकेल. त्याने वस्तरा पुसला आणि बाजूला ठेवला.

धाकटा बोचकं उचलून गेला तो समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी आमच्या दाढ्या आटोपल्यावर मशीन वाटीभर गरम पाणी घेऊन रस्त्यापलीकडे गेला. नियमात पायरीबद्दल काही नव्हतं. मग ते रोजचंच झालं. तो परत आला की आम्ही त्याच्या तोंडाकडे बघायचो. तो नकारार्थी मान हलवायचा आणि वाटी धुवायला घ्यायचा. दवाखान्यात चल म्हणून काकांनी धाकट्याला दोनदा समजावलं, तर तो म्हणे, तुम्ही मला परत केंद्रात डांबायला बघताय. माणूस डोळ्यांदेखत सुकत चालला होता.

आणि एका सकाळी मशीन जवळजवळ धावतच परत आला. वास नव्हता. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं तरी कुणी कुरकुर केली नाही. मी धाकट्याच्या खाटेवरची चादर बदलली. दुसऱ्या सकाळीही वास नव्हता. फक्त गाल इतका थरथरत होता की वस्तरा लावता आला नाही, नुसतं तोंड पुसून आलो, असं मशीन म्हणाला. घामही फार सुटलाय म्हणाला. आम्हीच त्याला म्हटलं, अंग मागणारच, एक दिवस कळ काढू दे.

आम्ही सगळे त्यातून गेलेलो. केंद्रात आम्हाला डॉक्टर होते, सलाइन होतं, गोळ्या होत्या, धरायला माणसं होती, म्हणून आम्ही निभावलो. इतकी पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊन जीव जातो, हे आमच्यातल्या प्रत्येकाला कानीकपाळी ओरडून सांगितलेलं होतं. एकाच्याही डोक्यात आलं नाही. वास नाही म्हणजे माणूस बरा, एवढंच आम्हाला येत होतं. मला आजही त्या घराचा राग येतो, आणि त्यात मी आलोच.

संध्याकाळी मशीन पांघरूण घेऊन गेला, त्याच्याबरोबर मीही होतो. धाकट्याचे दात वाजत होते.

"दादा, उद्या आत घेतील ना?"

"घेतील. मी सांगतो ना."

सकाळी पायरीपाशी माणसं जमली होती. पहाटे झटका आला असावा, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मशीनने गरम पाणी मागितलं. ते नव्हतं, म्हणून नळाचं गार घेतलं. मी धाकट्याचं डोकं धरलं. मशीनने सावकाश, कानशिलापासून हनुवटीपर्यंत, दोन्ही गालांची पूर्ण दाढी केली. पाणी टिपलं. मग वाकून भावाच्या तोंडापाशी नाक नेलं आणि बराच वेळ तसाच राहिला. काका दारात उभे होते.

"काका, वास नाही," तो म्हणाला. "तिसरी सकाळ आहे. आता घ्या ना त्याला आत."