भुईचाफ्याचं पहिलं फूल

आमच्या गावच्या देवळामागे राई आहे. देवाची राई, म्हणून तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. वाऱ्याने झाड पडलं तर ते जागीच कुजतं. या शिस्तीचा आम्हा गावकऱ्यांना फार अभिमान, आणि पाहुण्यांना तो ऐकवण्यात मी शाळेतली बाई असल्यामुळे सर्वांत पुढे.

त्या राईत वैशाखात भुईचाफा फुलतो. तेव्हा त्याला पान नसतं. पाचोळा बाजूला सारून पांढरं-जांभळं फूल थेट मातीतून वर येतं. आधी वास येतो, मग शोधावं लागतं, आणि तोवर कोणाचा तरी पाय पडलेला असतो. पावसात त्याच जागी हळदीसारखी पानं येतात, तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मोठी झाडं पानं गाळतात आणि त्या कुजलेल्या पानांखाली याचा कंद वर्ष काढतो. वर्षातलं पहिलं फूल देवाचं. ते खुडून आणायचा मान गुरवाच्या बायकोचा. गाव तिला काकी म्हणतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी आषाढात शाळेतून परतताना मी छत्रीच्या टोकाने एक कंद उकरला आणि पर्समध्ये टाकला. एकच तर होता. घरामागे फणसाखाली लावला, तो छान रुजला.

पुढे राईतली फुलं कमी होत गेली. गेल्या वर्षी दोनच आली, यंदा एकही नाही. गुरवाने देवापुढे गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे मागून 'व्हय म्हाराजा' म्हणालो. मग कारणं निघाली. कोणी म्हणालं, उन्हाळा वाढला. कोणी म्हणालं, पोरांनी पाचोळा पेटवला. त्यात माझा आवाज मोठा होता. शेवटी, पूजेतच काहीतरी उणं पडलं असणार, यावर गाव येऊन थांबलं. तेव्हापासून काकी देवळाची पायरी चढेना.

"माझ्याच हातासून काय तरी चुकला," ती मला बाजारात म्हणाली. त्या दिवसापासून मला घास गोड लागेना.

तरी चार दिवस टाळाटाळ केलीच. मग एका सकाळी फुललेला गड्डा मातीसकट घमेल्यात घेतला, वर जुना टॉवेल टाकला आणि तिच्या परसात गेले. सगळं सांगून टाकलं. काकीने नुसता गोठ्याच्या भिंतीकडे हात केला. तिथे एक फुटकी बादली, एक रंगाचा डबा आणि एक पातेलं ओळीने ठेवलेलं होतं. तिन्हींत भुईचाफा.

"तुमी चवथ्या," ती म्हणाली.

कोणाचं काय ते तिने सांगितलं नाही. पातेलं मात्र मी ओळखलं. त्या घरी मी दरवर्षी हळदीकुंकवाला जाते.

आता ही आम्हा सगळ्यांना फैलावर घेणार, असं मला वाटलं. ती परसदारच्या पायरीवर बसली.

"म्हणजे माझ्या हातासून काय चुकला नाय मां, बाईनू?"

"नाय, काकी."

तिने पदराने डोळे पुसले. आमच्या चोरीबद्दल ती एक शब्द बोलली नाही, आणि मला तिच्यासमोर उभं राहवेना.